एक अणू बदलून पाहताना

१९८२ साली अमेरिकेत एका नव्या इन्शुलिनला औषध म्हणून परवानगी मिळाली. ते गायीच्या किंवा डुकराच्या स्वादुपिंडातून काढलेले नव्हते. मानवी इन्शुलिनचे जनुक ई. कोलाय या जिवाणूत घालून त्याच्याकडून ते करून घेतले होते. तेव्हापासून, जनुक हाताशी असले की प्रथिन मिळवणे हे प्रयोगशाळांचे नित्याचे काम झाले आहे. जिवाणू रात्रभरात वाढतात, साखर-क्षारांवर राबतात आणि फारशा चुका करत नाहीत. असे असताना रसायनशास्त्रज्ञांचे काही गट आजही प्रथिने काचेच्या भांड्यात, पेशीची कसलीही मदत न घेता, एकेक अमिनो आम्ल जोडत घडवतात. एखाद्या अवघड प्रथिनापायी संशोधक विद्यार्थ्याची वर्षे खर्ची पडतात. हा खटाटोप कशासाठी, असे मला अनेकांनी विचारले आहे, आणि या पुस्तकाची सुरुवात त्याच प्रश्नातून झाली.

उत्तर मला इथेच सांगून टाकायचे आहे. या माणसांना प्रथिनाचा साठा नको असतो. त्यांना त्यातला एक ठरावीक अणू बदलायचा असतो आणि त्या बदलाने प्रथिनाच्या कामात काय फरक पडतो ते मोजायचे असते. जिवाणूला जनुकाच्या भाषेत जे सांगता येते तेवढेच तो करतो, आणि त्या भाषेत अमिनो आम्लांची अक्षरे आहेत वीस. प्रथिनाच्या साखळीत विसांपैकी एक काढून दुसरे घालणे जनुकामार्फत सहज जमते. पण साखळीचा कणा, म्हणजे नायट्रोजन आणि कार्बन अणूंची ती एकसारखी पुन्हा पुन्हा येणारी रांग, जनुकाच्या आवाक्याबाहेर राहते. कण्यातला एक नायट्रोजन काढून तिथे ऑक्सिजन ठेवावा, म्हणजे नेमका एक हायड्रोजन बंध नाहीसा होईल आणि बाकी सारे जवळपास जागच्या जागी राहील, हा बदल फार उपयोगाचा आहे. पेशीच्या यंत्रणेला वळवून विसांपलीकडची अमिनो आम्ले बसवण्याच्या युक्त्या १९८९ पासून निघाल्या आहेत आणि त्या मोलाच्या आहेत. तरीही अख्खी साखळी हवी तशी, हव्या त्या अणूंची लिहिण्याची मोकळीक मिळते ती रासायनिक संश्लेषणातच.

ही मोकळीक आज अधिक महत्त्वाची झाली आहे, असे माझे मत आहे. २०२४ चे रसायनशास्त्राचे अर्धे नोबेल पारितोषिक डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना अमिनो आम्लांच्या क्रमावरून प्रथिनाचा आकार वर्तवणाऱ्या संगणकीय पद्धतीसाठी मिळाले. कोट्यवधी प्रथिनांचे आकार आता पडद्यावर पाहता येतात. आकार दिसला म्हणजे काम समजले, असा समज त्यामुळे पसरू लागला आहे आणि तो चुकीचा आहे. अमुक अणू तमुक अणूच्या जवळ आहे हे चित्रात दिसते. ती जवळीक कामासाठी आवश्यक आहे की योगायोगाने आली आहे, हे चित्र सांगत नाही. ते ती जवळीक मोडून पाहिल्यावरच कळते.

इथवर यायला रसायनशास्त्राला शंभराहून अधिक वर्षे लागली. बर्लिनमध्ये एमिल फिशर यांनी १९०१ साली ग्लायसिनची दोन एकके जोडून दाखवली. १९०७ पर्यंत त्यांनी अठरा एककांची साखळी बांधली, त्यात पंधरा ग्लायसिन होती आणि तीन ल्युसिन. त्यापुढे वाट अडली, आणि का अडली ते समजून घेण्यासारखे आहे. प्रत्येक अमिनो आम्लाला दोन टोके असतात, एक आम्लाचे आणि एक अमाइनचे. दोन अमिनो आम्ले नुसती एकत्र केली तर कोण कोणाशी जोडले जाईल याचा भरवसा नसतो. म्हणून एक टोक तात्पुरते झाकावे लागते, दुसरे जोडणीसाठी चेतवावे लागते, आणि जोडणी झाल्यावर झाकण काढावे लागते. हे झाकण असे हवे की जोडणीच्या वेळी घट्ट बसेल आणि नंतर इतक्या हळुवारपणे निघेल की नुकताच तयार झालेला पेप्टाइड बंध तुटणार नाही. फिशर यांच्याजवळ असे झाकण नव्हते. ते १९३२ मध्ये ड्रेस्डेन इथे माक्स बेर्गमान आणि लेओनिडास झेर्व्हास यांनी शोधले. पुढल्याच वर्षी नाझी राजवट आली. ज्यू असलेल्या बेर्गमान यांना जर्मनी सोडावी लागली आणि ते न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत दाखल झाले. या स्थलांतराचे फळ पुढे कसे आले ते थोड्या वेळाने सांगतो.

त्या झाकणामुळे बरेच काही शक्य झाले. १९५३ मध्ये न्यूयॉर्कलाच व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो यांनी ऑक्सिटोसिन हे नऊ अमिनो आम्लांचे संप्रेरक बनवले. बाळंतपणाच्या कळांशी आणि दूध उतरण्याशी त्याचा संबंध. दोन वर्षांनी त्यांना नोबेल मिळाले. फ्रेडरिक सँगर यांनी इन्शुलिनमधला अमिनो आम्लांचा क्रम उलगडल्यावर जर्मनी, अमेरिका आणि चीन अशा तीन देशांतले गट त्याच्या संश्लेषणामागे लागले. एकवीस आणि तीस एककांच्या दोन साखळ्या, त्यांना बांधणारे गंधकाचे दुवे. १९६५ मध्ये शांघाय आणि बीजिंगच्या शास्त्रज्ञांनी बनवलेल्या इन्शुलिनचे स्फटिक मिळाले. या साऱ्या कामात प्रत्येक जोडणीनंतर पदार्थ शुद्ध करून घ्यावा लागे, आणि दर शुद्धीकरणात थोडा माल वाया जाई.

हे दुखणे दूर केले रॉकफेलरमधल्याच ब्रूस मेरिफील्ड यांनी. फूलबाजारात गजरे वळणाऱ्या बायका दोऱ्याचे एक टोक पायाच्या अंगठ्याला अडकवतात आणि दुसरीकडून फुले गुंफत जातात; टोक पक्के धरलेले असल्यामुळे गजरा कितीही लांबला तरी निसटत नाही. तसेच मेरिफील्ड यांनी साखळीचे पहिले अमिनो आम्ल पॉलिस्टायरीनच्या बारीक, न विरघळणाऱ्या दाण्यांना बांधले. मग पुढचे अमिनो आम्ल भरपूर प्रमाणात ओतायचे, जोडणी पुरी होऊ द्यायची, उरलेसुरले सारे धुऊन काढायचे. साखळी दाण्यांना धरून राहते, धुण्यात जातो तो फक्त केर. शेवटी एका प्रक्रियेने साखळी दाण्यांपासून सोडवून घ्यायची. कल्पना १९५९ ची, आणि एकट्या मेरिफील्ड यांच्या नावाने पहिला निबंध आला १९६३ मध्ये, तोही अवघ्या चार अमिनो आम्लांच्या पेप्टाइडबद्दल. मधली वर्षे अपयशांत गेली. मधल्या पायऱ्यांवर शुद्धीकरण नाही, म्हणजे हे रसायनशास्त्रच नव्हे, अशी टीकाही झाली. त्या टीकेत तथ्य होते हे मान्य केले पाहिजे. दर जोडणी शंभरात नव्याण्णव वेळा यशस्वी झाली, तरी शंभर एककांची साखळी अचूक तयार होण्याचे प्रमाण ३७ टक्क्यांवर येते. जोडणी अठ्ठ्याण्णव टक्के झाली तर १४ टक्क्यांच्या आत. उरलेला माल म्हणजे एखादे अमिनो आम्ल गळलेल्या, बऱ्या साखळीसारख्याच दिसणाऱ्या साखळ्यांची गर्दी. त्यामुळे मेरिफील्ड यांचे सारे लक्ष जोडणी पूर्णत्वाला नेण्यावर राहिले. हे काम आपोआप करणारे पहिले यंत्र त्यांनी जॉन स्ट्युअर्ट यांच्याबरोबर घराच्या तळघरात बांधले.

१९६९ मध्ये बेर्न्ड गुटे आणि मेरिफील्ड यांनी या पद्धतीने रायबोन्यूक्लिएज-ए हे १२४ अमिनो आम्लांचे विकर, म्हणजे एन्झाइम, बनवले. ३६९ रासायनिक क्रिया आणि यंत्राच्या ११,९३१ पायऱ्या. या विकराचा क्रम उलगडला होता स्टॅनफर्ड मूर आणि विल्यम स्टाइन यांनी, त्याच संस्थेत. आणि हे दोघे घडले होते बेर्गमान यांच्या प्रयोगशाळेत. ड्रेस्डेनहून हुसकावलेल्या माणसाचे झाकण आणि त्याचे शिष्य, दोन्ही या कामाशी एकाच इमारतीत येऊन भेटले.

या संश्लेषणाने एका मोठ्या प्रश्नाचा निकाल लावायला मदत केली, आणि पुस्तकभर मला जे सांगायचे आहे त्याचे हे पहिले ठसठशीत उदाहरण. क्रिस्टियन अ‍ॅनफिन्सन यांनी गायीच्या स्वादुपिंडातल्या रायबोन्यूक्लिएजची घडी रसायनांनी पुरती उलगडली होती. रसायने काढून घेतल्यावर साखळी आपण होऊन पूर्ववत दुमडली आणि काम करू लागली. यावरून त्यांनी म्हटले की, प्रथिनाचा आकार त्याच्या अमिनो आम्लांच्या क्रमातच ठरलेला असतो. पण शंकेला जागा होती. ते प्रथिन एकदा जिवंत पेशीत नीट दुमडले गेले होते. त्या घडणीचा काही अंश उलगडूनही मागे राहिला नसेल कशावरून? मेरिफील्ड यांच्या साखळीचा गायीशी कधी संबंधच आला नव्हता. तिला क्रमाखेरीज दुसरे काहीही दिलेले नव्हते, आणि ती आरएनए कापत होती. पहिल्या नमुन्याची शुद्धता बेताची होती, क्रियाशीलताही नैसर्गिक विकराच्या मानाने कमीच. तरीही मुद्दा सिद्ध व्हायला तेवढी पुरेशी होती. १९७२ मध्ये अ‍ॅनफिन्सन, मूर आणि स्टाइन यांना नोबेल मिळाले, मेरिफील्ड यांना १९८४ मध्ये.

पुढचा टप्पा एड्सच्या साथीशी बांधलेला आहे. एचआयव्ही विषाणू आपली प्रथिने एका लांब साखळीच्या रूपात बनवतो आणि प्रोटिएज नावाचे विकर तिचे तुकडे पाडते. हे विकर थांबले तर विषाणू अपुरा राहतो. मेरिफील्ड यांच्याबरोबर काम केलेले, मूळचे न्यूझीलंडचे स्टीफन केंट यांनी १९८८ मध्ये कॅल्टेकमध्ये हे ९९ अमिनो आम्लांचे विकर रासायनिक मार्गाने बनवले. साखळीतल्या दोन सिस्टिनमधले गंधक हवेने बिघडू नये म्हणून त्यांनी तिथे गंधकाशिवायचे, जवळपास तेवढ्याच आकाराचे अमिनो आम्ल घातले. या कृत्रिम विकराच्या स्फटिकांवरून १९८९ मध्ये मेरीलँडमधल्या अलेक्झांडर व्लोदावर यांच्या गटाने आकार निश्चित केला. त्याच वर्षी आधी प्रसिद्ध झालेल्या, जिवाणूकडून करून घेतलेल्या विकराच्या आराखड्यात साखळीचा काही भाग नीट लागला नव्हता. तो इथे दुरुस्त झाला. प्रोटिएज रोखणाऱ्या औषधांची रचना करणाऱ्यांना या आकृत्यांचा आधार मिळाला आणि डिसेंबर १९९५ मध्ये त्यातले पहिले औषध मंजूर झाले.

केंट यांनी त्यानंतर जो प्रयोग केला तो मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत देखणा वाटतो. ग्लायसिन सोडले तर प्रत्येक अमिनो आम्लाची दोन रूपे असू शकतात, एकमेकांची आरशातली प्रतिबिंबे, एल आणि डी. सजीवांच्या पेशी प्रथिनांसाठी एल रूपच वापरतात. १९९२ मध्ये केंट यांच्या गटाने तेच प्रोटिएज सगळी डी अमिनो आम्ले वापरून बांधले. हे काम कोणताही जिवाणू करून देणार नव्हता. तयार झालेले विकर आरशातल्यासारखे दुमडले, आणि त्याने एल रूपातल्या पेप्टाइडला हातही लावला नाही. डी रूपातले मात्र कापले. इव्हान्स ब्लू नावाचा रंग, ज्याचे आरशातले रूप तेच राहते, दोन्ही विकरांना रोखत होता. विकराची निवडकता त्याच्या त्रिमितीय घडणीत असते, हे पाठ्यपुस्तकातले वाक्य इथे प्रत्यक्ष मोजून दाखवले गेले.

तरी शंभर एककांच्या आसपास वाट पुन्हा अडत होती. ती १९९४ मध्ये मोकळी झाली. फिलिप डॉसन, टॉम म्युअर, इयान क्लार्क-लुईस आणि केंट यांनी दोन लहान, शुद्ध केलेले तुकडे साध्या पाण्यात जोडण्याची रीत मांडली. एका तुकड्याच्या शेवटी थायोएस्टर हा गंधकाचा सैल बंध ठेवायचा, दुसऱ्याच्या आरंभी सिस्टिन. सिस्टिनचे गंधक आधी पहिल्या तुकड्याला धरते आणि मग जोड आपोआप गंधकावरून नायट्रोजनवर सरकतो. मागे राहतो तो निसर्गातलाच, नेहमीचा पेप्टाइड बंध. बाजूच्या शाखांवर झाकणे घालायची गरज नाही. ही सरकण्याची क्रिया थेओडोर वीलांट यांनी १९५३ मध्येच दोन अमिनो आम्लांवर पाहिली होती. चाळीस वर्षे ती निबंधांत पडून राहिली, कारण मोठे तुकडे शुद्ध करण्याची आणि त्यांचे वस्तुमान अचूक तपासण्याची साधने तेव्हा नव्हती. २००१ मध्ये जोडकामानंतर सिस्टिनमधले गंधक काढून त्याचे अ‍ॅलानिन करण्याची सोय झाली, तेव्हा सांध्याच्या जागी सिस्टिन असलेच पाहिजे ही अटही सैल झाली.

आता एका प्रश्नाची गोष्ट सविस्तर सांगतो, कारण तिचे एक टोक मद्रासला आहे. १९६३ मध्ये मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन, सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांनी एक नकाशा मांडला. साखळीच्या कण्यात दर अमिनो आम्लाजवळ वळणाचे दोन कोन असतात. ते कितीही असून चालत नाही. अणू एकमेकांवर आदळतात. कोणते कोन शक्य आणि कोणते अशक्य, हे अणूंच्या आकारावरून हिशेबाने काढता येते. बहुतेक अमिनो आम्लांना नकाशाचा थोडाच भाग मोकळा असतो. ग्लायसिनला बाजूची शाखा नाही, त्याच्या जागी नुसता हायड्रोजन आहे, म्हणून त्याला नकाशाच्या उजव्या बाजूलाही वावरता येते. डी रूपातल्या अमिनो आम्लांसाठी नकाशा उलटा होतो. एलला बंद असलेली तीच जागा त्यांना खुली असते.

चाळीस वर्षांनी हा नकाशा पोटॅशियम वाहिनीच्या कामी आला. आपल्या मज्जापेशींत संदेश धावतो त्यात आवरणातल्या अशा वाहिन्यांतून बाहेर पडणाऱ्या पोटॅशियमचाही वाटा असतो. या वाहिन्या पोटॅशियमला वाट देतात आणि आकाराने त्याहून लहान असलेल्या सोडियमला अडवतात. रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ मध्ये जिवाणूतल्या केसीएसए या वाहिनीचा आकार दाखवला. २००३ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. वाहिनीच्या सर्वांत अरुंद भागातली ग्लायसिन जवळपास सर्व पोटॅशियम वाहिन्यांत तशीच टिकून आहेत. का? ग्लायसिन लहान आहे म्हणून, की इतरांना न जमणारा कोन त्याला जमतो म्हणून? जनुकात बदल करून ग्लायसिनऐवजी अ‍ॅलानिन घातले की वाहिनी निकामी होते, पण दोन्ही शक्यता तशाच राहतात. अ‍ॅलानिन मोठेही आहे आणि त्याला तो कोनही जमत नाही. फ्रान्सिस वलियवीटिल, मॅकिनन आणि म्युअर यांनी २००४ मध्ये वाहिनीचा काही भाग रासायनिक रीतीने घडवून, उरलेल्या जिवाणूजन्य भागाशी जोडला आणि ७७ क्रमांकाच्या ग्लायसिनच्या जागी डी-अ‍ॅलानिन ठेवले. आकारमान एल-अ‍ॅलानिनइतकेच, पण हवा तो कोन त्याला खुला. वाहिनी चालली. ग्लायसिन तिथे कोनासाठी आहे, हे उत्तर मिळाले.

त्याच बदललेल्या वाहिनीने दोन वर्षांनी आणखी एक गोष्ट उघड केली. पोटॅशियम फार कमी असले की नैसर्गिक वाहिनीचा अरुंद भाग आपला आकार सोडून मिटतो. डी-अ‍ॅलानिनवाली वाहिनी मिटू शकत नाही. पोटॅशियम अजिबात नसेल तेव्हा ती सोडियमला वाट देते, पण दोन्ही समोर असले की पोटॅशियमच निवडते. निवड आणि मिटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यावरून दिसले. एका मिथाइल गटाच्या दिशेने ही दोन सत्ये सुटी केली. अशा प्रयोगांपुढे मी नेहमी थक्क होतो.

दुसऱ्या तऱ्हेचा प्रश्न पेशीकेंद्रातला आहे. डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांवर गुंडाळलेला असतो त्यांच्यावर पेशी निरनिराळ्या रासायनिक खुणा करते. पेशीतून काढलेल्या हिस्टोनवर त्या इतक्या मिसळलेल्या असतात की कोणत्या खुणेने काय घडते ते सांगणे कठीण. म्युअर यांच्या गटाने २००८ मध्ये एच-२-बी या हिस्टोनवर, १२० व्या जागी, युबिक्विटिन हे छोटे प्रथिन जोडून एकच खूण असलेले हिस्टोन बनवले आणि डॉट-१-एल या विकराला तीच खूण थेट चेतवते हे दाखवले. सोबत घडणे आणि कारण असणे यांतला फरक असा हाताने घडवलेल्या प्रथिनाने स्पष्ट होतो.

डी रूपाचा उपयोगही आता वाढला आहे. बर्फावर उड्या मारणाऱ्या स्नो फ्ली या जीवातल्या, अंगातल्या द्रवाचे बर्फ होऊ न देणाऱ्या प्रथिनाचे स्फटिक सहजी मिळत नव्हते. केंट यांच्या गटाने २००८ मध्ये त्याची दोन्ही रूपे बनवून समप्रमाणात मिसळली, आणि स्फटिक झाले. त्यातूनच आकार कळला. चीनमध्ये तिंग झू यांच्या गटाने डीएनएच्या नकला करणारे डी रूपातले विकर २०१६ मध्ये बनवले, आणि २०२२ पर्यंत ८८३ अमिनो आम्लांचे आरएनए पॉलिमरेज. मात्र आरशातला अख्खा जीव घडवण्याच्या दिशेने जाऊ नये, असा इशारा ३८ शास्त्रज्ञांनी डिसेंबर २०२४ मध्ये दिला, आणि तो मला योग्य वाटतो. अशा जीवाला आपली प्रतिकारशक्ती ओळखू शकेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. सुटे डी रेणू अभ्यासणे आणि स्वतःची संख्या वाढवू शकणारा जीव घडवणे, या दोहोंमध्ये रेषा ओढता येते आणि ती ओढलीच पाहिजे.

वेगाची अडचण कमी होत आहे. एमआयटीत ब्रॅडली पेंटेल्यूट यांच्या गटाने २०२० मध्ये वाहत्या द्रावणात, तापवलेल्या नळ्यांमधून १६४ अमिनो आम्लांपर्यंतच्या साखळ्या काही तासांत बांधून दाखवल्या. पेशीच्या आवरणात बसणारी, पाण्यात न विरघळणारी प्रथिने मात्र अजूनही छळतात, आणि या कामात जाणारी विद्रावके हा पर्यावरणाचा खरा प्रश्न आहे. केंट यांच्याकडे काम केलेले कल्याणेश्वर मंडल भारतात, हैदराबादच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रथिनांचे रासायनिक संश्लेषण करतात. पुण्याच्या आयसरमध्ये होसहुद्या गोपी यांच्या गटाने, कण्यात एकदोन कार्बन अधिक असलेल्या अमिनो आम्लांची पेप्टाइडे कशी दुमडतात, यावर काम केले आहे. आपल्या महाविद्यालयांत रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र यांच्या वाटा फार लवकर वेगळ्या होतात. या क्षेत्रात उतरू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला दोन्ही हवीत.

पुस्तकातली पहिली तीन प्रकरणे साखळी बांधण्याच्या रसायनशास्त्राची आहेत. बारावीचे सेंद्रिय रसायन आठवत असेल तर ती जड जाणार नाहीत. ज्यांना ती नको असतील त्यांनी थेट पोटॅशियम वाहिनीच्या प्रकरणापासून सुरुवात करावी आणि अडेल तिथे मागे यावे. रामचंद्रन यांच्या नकाशाची आकृती त्यासाठीच पुस्तकाच्या आतल्या पानावर स्वतंत्र छापली आहे.